मोटरहोममधील सांडपाण्याच्या टाक्या: किती लिटर, कोठे बसवाव्यात आणि रिकाम्या कोठे कराव्यात?

प्रश्न: घाटमाथा (पुणे)

नमस्कार. गेल्या दिवाळीत आम्ही बीएस-६ इंजिनाची, ३३५० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर) असलेली एक वापरलेली ट्रॅव्हलर घेतली आणि तिचे राहण्याजोग्या गाडीत रूपांतर करण्याचे काम हळूहळू सुरू केले. आरटीओची परवानगी आणि नोंदणीतील बदल हा विषय वेगळा चालू आहे, त्याबद्दल येथे काही विचारत नाही. आतील आसने निघाली, उष्णतारोधक थर बसला, वायरिंगचा आराखडाही झाला. गाडे अडले आहे ते सांडपाण्यावर.

आम्ही चौघे आहोत: आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. प्रवास बहुतेक वेळा शनिवार-रविवारचा, कोकणात किंवा घाटमाथ्यावर, आणि वर्षातून एकदा दहा-बारा दिवसांचा. गाडीत लहान ओटा, भांडी घासण्याचे सिंक, मागच्या कोपऱ्यात ७० सेंमी बाय ९० सेंमीची मोरी आणि त्याच मोरीत संडास अशी रचना ठरली आहे. ज्या कारागिरांकडे काम दिले आहे त्यांनी स्वच्छ पाण्यासाठी पलंगाखाली १५० लिटरची टाकी, सांडपाण्यासाठी मागच्या चाकांच्याही मागे चासीखाली ८० लिटरची टाकी आणि तिच्या शेजारी मैलापाण्यासाठी ६० लिटरची कायमची टाकी सुचवली आहे. मागे जागा मोकळी आहे आणि मोरीही तेथेच असल्यामुळे पाइप आखूड राहतील, हे त्यांचे म्हणणे मला पटले होते. परंतु तिन्ही टाक्या भरल्या तर नुसते पाणीच २९० किलो होते, हे कागदावर मांडल्यावर मनात शंका आली.

तेव्हा ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांना विचारतो, की टाक्यांचे हे प्रमाण योग्य आहे का, मागच्या चाकांमागे टाकी बसवण्यात काही धोका आहे का, आणि संडासासाठी कायमची टाकी चांगली की कॅसेट, म्हणजे संडासाखालची काढून नेता येणारी छोटी टाकी? शिवाय वासाचे काय करावे? एका परिचितांची गाडी आतून अतिशय देखणी आहे, पण दुसऱ्या दिवशी तिच्यात बसवत नाही. आमच्या घरी या प्रकल्पाला मुळातच फारसा पाठिंबा नाही; गाडीला वास आला तर उरलासुरलाही जाईल.

प्रतिसाद १: चाकावरचे घर (नाशिक)

आपल्या कारागिरांनी टाक्यांचे आकार गाडीखाली जागा किती आहे यावरून ठरवलेले दिसतात. टाकी कोठे आणि किती दिवसांनी रिकामी करता येईल, हे आधी ठरवावे. लिटर त्यातून आपोआप निघतात. स्वच्छ पाणी आपल्याकडे कोठेही मिळते. ढाबा, देऊळ, पेट्रोल पंप, कोणाची तरी विहीर. विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही आणि नळी जोडली की पंधरा-वीस मिनिटांत टाकी भरते. सांडपाणी ओतायला मात्र कोणी जागा देत नाही, आणि का द्यावी? त्यामुळे स्वच्छ पाणी दुसऱ्यांदा भरण्याची वेळ येते तेव्हा पहिल्या भरण्याचे सांडपाणी अजून गाडीखालीच असते. १५० लिटर स्वच्छ आणि ८० लिटर सांडपाणी ही जोडी म्हणूनच चालणार नाही. सांडपाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी तरी हवी, थोडी मोठी असल्यास उत्तम.

आता वापराचा हिशेब पाहा. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी दररोज १३५ लिटर धरतात. गाडीत चौघांचे मिळून त्याच्या निम्म्यात भागते. आमच्या घरचा, बऱ्यापैकी काटकसरीचा आकडा असा आहे: पिणे आणि स्वयंपाक १२ लिटर, भांडी १५, हात-तोंड धुणे ८ आणि तांब्याने आंघोळ माणशी ७ प्रमाणे २८, म्हणजे दिवसाला ६३ लिटर. त्यातले पन्नासएक लिटर मोरीतून किंवा सिंकमधून टाकीत उतरतात. स्वच्छ पाणी १०० लिटर ठेवले तर ते साधारण दीड दिवस पुरेल आणि तोवर सांडपाणी ८० लिटरच्या आसपास जाईल. एक दिवस आंघोळीऐवजी ओल्या पंचाने अंग पुसून भागवले, तर शनिवार-रविवार निर्धास्त निघतो. मी आपल्या जागी असतो तर १०० लिटर स्वच्छ आणि ११० लिटर सांडपाणी असे ठेवले असते. वजनाच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: पाणी वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जाते तेव्हा गाडीचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण खालची टाकी रिकामी न करता वरची पुन्हा भरली की पाण्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. आरसी बुकातील कमाल वजनाशी ताळा करताना दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या धराव्यात.

मागच्या चाकांमागे टाकी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या आसापासून एक मीटर मागे १०० किलो वजन टांगले, तर ३.३५ मीटरच्या व्हीलबेसवर मागच्या आसावर १०० नव्हे तर सुमारे १३० किलो भार येतो आणि पुढची चाके ३० किलोंनी हलकी होतात. घाटात उतरताना ओल्या रस्त्यावर सुकाणू हलके लागणे ही सुखाची गोष्ट नाही. शिवाय गतिरोधकावरून उतरताना गाडीचे शेपूटच आधी टेकते. माझी पहिली टाकी तेथेच होती. रायगड जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, बहुधा ग्रामस्थांनी स्वतःच घातलेल्या एका उंच गतिरोधकावर तिचा खालचा व्हॉल्व्ह मुळासकट तुटला आणि आदल्या रात्रीच्या माशाच्या कालवणाची भांडी धुतलेले साठ लिटर पाणी रस्ताभर सांडत गेले. मला ते कळले नाही. मागून आलेल्या दुचाकीस्वाराने गाडी आडवी घालून ते सांगितले, आणि ज्या शब्दांत सांगितले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आता टाकी दोन्ही आसांच्या मधोमध आहे आणि व्हॉल्व्ह टाकीच्या बुडाशी नसून बाजूच्या भिंतीत, तळाला लागून बसवला आहे.

संडासाबाबत मी कॅसेटच्या बाजूचा आहे. अमेरिकेत कायमच्या मैलाटाक्या चालतात, कारण तेथे त्या रिकाम्या करण्याची ठिकाणे कॅम्पग्राउंडवर सर्रास असतात. गाडी तेथे लावायची, ७५ मिमीची जाड नळी जोडायची आणि व्हॉल्व्ह ओढायचा. आपल्याकडे अशी जागा शोधण्यातच दिवस जाईल. कॅसेट मात्र हातात धरून कोणत्याही बैठकीच्या संडासापर्यंत नेता येते, हळूहळू ओतता येते आणि वरून दोन बादल्या पाणी टाकले की काम संपते. पण एक मोठा इशारा: या कॅसेट साधारण १७ ते २० लिटरच्या असतात आणि त्या कागद वापरणाऱ्या लोकांचा हिशेब धरून केलेल्या आहेत. आपण पाण्याने धुतो. जेट स्प्रे मिनिटाला सहा लिटर पाणी देत असेल, तर दहा सेकंदांत एक लिटर कॅसेटमध्ये जाते. लघवी, फ्लश आणि धुण्याचे पाणी धरून माणशी दिवसाला साडेतीन लिटर सहज होतात; म्हणजे चौघांत वीस लिटरची कॅसेट दीड दिवसात भरते. आम्ही जेट काढून टाकला आणि पाव लिटरचा छोटा तांब्या ठेवला. दिवसा बाहेरची स्वच्छतागृहे वापरायची आणि गाडीतला संडास रात्री व पहाटे, या नियमाने तीच कॅसेट तीन दिवस जाते. दुसरी रिकामी कॅसेट सोबत ठेवता आली तर फारच बरे.

रिकामे करण्याबद्दल म्हणाल, तर ओढा, नाला, समुद्र आणि रस्त्याकडेचे गटार हे पर्याय मनातूनच काढून टाकावेत. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा तर आहेच, पण तो नसता तरी ज्या गावात आपण पाणी मागून घेतो त्याच गावाच्या ओढ्यात ते घाण करून सोडणे शोभत नाही. मैलापाणी फक्त संडासात, म्हणजे पुढे सेप्टिक टँक किंवा भुयारी गटार असेल तेथेच. त्या सेप्टिक टँकचा गाळ पुढे कोठे जातो हा निराळा प्रश्न आहे. वाई आणि सिन्नर येथे मैला गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत, बाकी बऱ्याच गावांत अजून उजेडच आहे. सांडपाण्यासाठी कोकणातील घरगुती निवासांचा चांगला उपयोग होतो. तेथे मोरीचे पाणी परसातल्या केळींना आणि अळूला सोडण्याची रीत जुनीच आहे किंवा शोषखड्डा तरी असतो. आधी विचारावे, साबण कोणता वापरतो ते सांगावे आणि एका वेळच्या जेवणाचे पैसे तेथे द्यावेत. आजवर आम्हाला कोणी नकार दिलेला नाही.

प्रतिसाद २: पत्रा-वेल्डिंग (कोल्हापूर)

मी बॉडीबिल्डिंगच्या धंद्यात आहे आणि अशा गाड्यांच्या टाक्या बनवून बसवल्या आहेत. वरील प्रतिसादातील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, पण दोन्ही आसांच्या मध्ये टाकी बसवणे तेथे वाटते तेवढे सोपे नाही. ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, त्यामुळे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मधून जातो. शिवाय डिझेलची टाकी आणि एक्झॉस्टची लाइनही तेथेच आहे. बीएस-६ डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा आतले तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांवर जाते. प्लास्टिकची टाकी त्याच्या शेजारी गेली की वितळलीच म्हणून समजा. एक्झॉस्ट ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला, चासीच्या बाहेरच्या अंगाला लांबट आणि उथळ टाकी बसवावी. ११० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच अशी टाकी घेतली की बरोबर ११० लिटर होतात. गाडीखाली गज धरून मोजा. टाकीचे बूड मागच्या डिफरन्शियलपेक्षा, म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या दातेरी चाकांच्या पेटीपेक्षा, खाली येता कामा नये.

उथळ टाकीचा एक तोटा असा, की गाडी तीन अंशांनी जरी कलंडून उभी राहिली, तरी ११० सेंमी लांबीत दोन टोकांना पाण्याची उंची जवळजवळ सहा सेंमीने वेगळी असते. म्हणून व्हॉल्व्हच्या बाजूला टाकीचा तळच उतरता करून घ्यावा, नाहीतर शेवटचे दहा लिटर कधीच निघत नाहीत आणि वास त्याच दहा लिटरांचा असतो. आउटलेट ५० मिमीपेक्षा लहान ठेवू नये. वरच्या बाजूला हात आत जाईल एवढे, दीडशे मिमीचे झाकण हवेच हवे. कामाला येणाऱ्या टाक्यांमध्ये नेमके तेच नसते आणि मग साफ करायला टाकी कापावी लागते.

धातूचे म्हणाल तर साधा लोखंडी पत्रा रंगवून वापरू नका. साबण, मीठ आणि ताकाचे आंबट पाणी त्याला दोन पावसाळ्यांत खाते. ३०४ दर्जाचे स्टेनलेस चांगले, पण जड आणि महाग. मी स्वतः सहा मिमी जाडीच्या पॉलिप्रॉपिलीन शीटची वेल्ड केलेली टाकी देतो. आत दोन आडवे पडदे घालतो, कारण जोरात ब्रेक लागला की अर्धी भरलेली टाकी आतून घणासारखी आपटते. पडद्यांना खाली आणि वर कोपऱ्यांत मोकळी जागा सोडावी, नाहीतर खरकटे तेथेच साचते. चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला कधीही भोक पाडू देऊ नका. क्लॅम्प लावावा आणि टाकी रबराच्या पट्ट्या घालून पाळण्यात बसवावी. ताब्यात घेण्याआधी टाकी काठोकाठ भरून चोवीस तास उभी ठेवा, मग खराब रस्त्यावर वीस किलोमीटर फिरवून आणा आणि खाली कागद पसरून थेंब पाहा. हे करून द्यायला जो कारागीर कुरकुर करतो त्याच्याकडून टाकी घेऊ नये. पहिल्या कारागिरांना हे सगळे दाखवायला माझी हरकत नाही, तेही धंद्यातलेच आहेत.

प्रतिसाद ३: लांबपांढरा ढग (क्राइस्टचर्च)

मी न्यूझीलंडमध्ये राहते आणि आम्ही दोघांनी एका हायएस व्हॅनचे असेच रूपांतर केले आहे. येथे उघड्या जागी मुक्काम करण्यासाठी गाडी 'स्वयंपूर्ण' असल्याचे प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी लागते, आणि त्याच्या मानकात माणशी दररोज ४ लिटर प्रमाणे तीन दिवसांचे पाणी आणि तेवढेच सांडपाणी साठवण्याची सोय मागितलेली आहे. म्हणजे दोघांसाठी किमान २४ लिटर स्वच्छ आणि २४ लिटर सांडपाणी. २०२३ च्या कायद्याने त्यात संडास गाडीला पक्का बसवलेला असण्याची अटही आली. ४ लिटरांत भारतीय स्वयंपाकाची भांडी घासून होत नाहीत, हे मी अनुभवाने सांगते, पण स्वच्छ आणि सांडपाणी बरोबरीचे ठेवण्याचा विचार येथल्या नियमातही दिसतो.

मला लिहायचे आहे ते वासाबद्दल, कारण त्यावर आम्ही एक अख्खी सुटी घालवली. पहिल्या प्रवासात रात्री छतावरचा पंखा लावला की दहा मिनिटांत गटाराचा वास येई आणि पंखा बंद केला की जाई. आम्ही टाकी धुतली, लिंबू टाकले, सोडा टाकला, उपयोग शून्य. कारण शेवटी असे निघाले, की खिडक्या बंद ठेवून पंखा हवा बाहेर फेकत होता, त्यामुळे आत जी पोकळी होई ती भरण्यासाठी हवा मोरीच्या जाळीतून, म्हणजे थेट सांडपाण्याच्या टाकीतून, वर ओढली जात होती. मोरीखाली पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठवून वास अडवणारे पाइपचे वळण, होता, पण गाडीच्या हेलकाव्यांनी त्यातले पाणी केव्हाच सांडून गेले होते. घरातला ट्रॅप स्थिर असतो, गाडीतला नसतो, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. आता आम्ही पाण्याऐवजी रबरी पडद्याचा ट्रॅप बसवला आहे. पाणी वरून आले की पडदा उघडतो, एरवी मिटलेला राहतो. मोरीची फरशी आणि टाकी यांत अंतर कमी असले तरी तो आडवा बसतो, ही आणखी एक सोय. एक खिडकी बोटभर उघडी ठेवल्याशिवाय पंखा लावायचा नाही, हा नियम मात्र अजून पाळतो.

दुसरी गोष्ट टाकीच्या श्वासनळीची, म्हणजे वेंट पाइपची. आपल्या योजनेत तिचा उल्लेख दिसला नाही. टाकीत पाणी शिरते तेव्हा तेवढीच हवा बाहेर पडावी लागते. तिला वाट नसेल तर ती सिंकमधून गुळगुळ आवाज करत वर येते आणि येताना वास घेऊन येते. वीस-पंचवीस मिमीचा पाइप टाकीच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून थेट छतापर्यंत न्यावा.

आणि भांडी. आपल्या टाकीतला वास साबणाचा नसतो. तेल, तांदूळ धुतलेले पाणी आणि चहाचा चोथा यांचा असतो. पहिल्या हिवाळ्यानंतर आम्ही टाकीचे झाकण उघडले तेव्हा तळाशी दोन बोटे जाडीचा राखाडी थर होता आणि त्यात फोडणीची मोहरी आणि कढीपत्त्याची पाने जशीच्या तशी ओळखू येत होती. तेव्हापासून प्रत्येक ताट आणि कढई आधी कागदाने पुसून मगच सिंकमध्ये जाते आणि सिंकला चहाच्या गाळणीइतकी बारीक जाळी आहे. आठवड्यातून एकदा टाकी अर्धी भरून, थोडा भांड्यांचा साबण घालून, तशीच वळणावळणाच्या रस्त्यावरून पळवावी. आतून घासल्यासारखी निघते. कॅसेटमध्ये टाकण्याचे रसायन घेताना फॉर्मल्डिहाइड असलेले टाळावे, कारण ते ज्या सेप्टिक टँकमध्ये जाईल तेथले जिवाणू मारते. तिच्या रबरी सीलला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, सिलिकॉनचे वंगण लावा, आणि संडास साफ करण्याचे आम्ल तर त्यात मुळीच नको.

घाटमाथा (पुणे), पुन्हा

तिघांचेही मनापासून आभार. काल कारागिरांसोबत गाडीखाली पडून मोजमाप केले. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू तपासल्या तेव्हा एक्झॉस्टच्या विरुद्ध अंगाला ११५ सेंमी लांबीची जागा मिळाली, म्हणजे कोल्हापूरकरांनी सांगितलेली टाकी जेमतेम बसते. मैलापाण्याची कायमची टाकी रद्द करून कॅसेट ठरली, आणि स्वच्छ पाणी १५० वरून १०० लिटरवर आणले. मोरी मात्र मागच्या कोपऱ्यातच राहणार, त्यामुळे तिच्यापासून टाकीपर्यंत पाइपची लांबी १ मीटर ८० सेंमी होते. एवढ्या अंतरात उतार किती द्यावा, आणि गाडी नेमकी मागे कलंडून उभी राहिली तर मोरीत पाणी तुंबणार नाही का?

चाकावरचे घर (नाशिक)

४० ला १ हा उतार धरा. १ मीटर ८० सेंमीला साडेचार सेंमी होतात. तेवढी उंची मोरीच्या फरशीखाली लाकडी चौकट घालून मिळवता येते, फार तर डोके छताला थोडे जवळ येईल. पाइप ४० मिमीचा घ्या आणि काटकोनी एल्बो न वापरता ४५ अंशांचे दोन जोडा. गाडी मागे कलंडली तर पाणी तुंबणारच, आणि त्यावर उपाय म्हणून मोरीला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन जाळ्या ठेवाव्यात व त्या खाली एकाच पाइपला जोडाव्यात. पाणी ज्या बाजूला धावेल त्या बाजूची जाळी काम करते. दोन्हींना रबरी ट्रॅप स्वतंत्र हवा, नाहीतर कोरड्या जाळीतून क्राइस्टचर्चच्या ताईंचा तो पंख्याचा प्रकार सुरू होईल. आणि मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी बंद करण्याआधी ओट्यावर एक गोटी ठेवून पाहावी. आमच्याकडे हे काम मुलाकडे आहे. गोटी मागे धावली की तो ओरडतो, मी गाडी हातभर पुढे घेतो.